गेस्टचा कर्नल कुणाचा?

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. ज्या दिवशी ते घडतात त्या दिवशी ते किस्से नसतातच मुळी. त्या दिवशी नुसता वैताग असतो. कुणीतरी बाथरूममध्ये जाऊन रडून आलेलं असतं, कुणीतरी डबा न उघडताच घरी नेलेला असतो. मग काही वर्षं जातात, कंपनी बुडते, माणसं पांगतात, आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीत आपण "अरे, आमच्याकडे काय झालं माहितीये का!" म्हणून तेच सगळं सांगत लोकांना हसवत बसतो. माझ्याकडे असा बराच माल साठलाय.

परवा त्यात भर पडली. गुरगावला एका मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेले होते. समोर बसलेला तरुण माझ्या निम्म्या वयाचा. मला फार अदबीने म्हणाला, "मॅम, एक नई टेक्नॉलॉजी आई है, कंटेनर. इसमें सारे गेस्ट एक ही कर्नल शेअर करते हैं. आपके टाइम में नहीं थी."

मी म्हटलं, "अच्छा!"

दुसरं काय म्हणणार? ज्या 'नव्या' टेक्नॉलॉजीने आमचं आख्खं ऑफिस एकेकाळी रडवलं होतं, तिच्याबद्दल त्याला काय सांगणार होते मी? नोकरी अर्थातच मिळाली नाही.

त्याला नाही सांगितलं, तर तुम्हाला सांगते.

मी मूळची पुण्याची. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याची बदली दिल्लीला झाली म्हणून इकडे आले. गाझियाबादला वैशालीत भाड्याचा फ्लॅट. तेव्हा नोएडात दर महिन्याला काचेची नवी इमारत उभी राहायची आणि तिच्या मागच्या खिडकीतून मोहरीचं शेत दिसायचं. मेट्रोचे नुसते खांब आले होते. अशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमची कंपनी होती. धंदा साधा. एक दणकट सर्व्हर घ्यायचा, सॉफ्टवेअरने त्याचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका गिऱ्हाइकाला भाड्याने द्यायचा. मोठी मशीन म्हणजे होस्ट. तुकडा म्हणजे गेस्ट. प्रत्येक गेस्टला वाटलं पाहिजे की आपल्याकडे आख्खी मशीन आहे.

आता, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात एक कर्नल असतो. कुणाला किती मेमरी, डिस्कवर कोण लिहिणार, प्रोसेसर कुणाच्या वाट्याला कधी येणार, सगळं तो ठरवतो. मग प्रश्न असा, की गेस्टला स्वतःचा कर्नल द्यायचा की नाही? या एका प्रश्नापायी आमची कंपनी दोनदा बदलली आणि तिसऱ्यांदा बुडाली.

*

मालक मल्होत्रा साहेब. करोल बागेत घराण्याचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. आयटीत पैसा आहे असं मेव्हण्याने सांगितलं म्हणून ते आयटीत आले. माणूस वाईट नव्हता, पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना गाडीच्या भाषेत समजावून सांगावी लागायची.

पहिल्या पद्धतीत गेस्टला स्वतःचा कर्नलच नसायचा. होस्टचा एक कर्नल आणि सगळे गेस्ट त्याच्यावर. पासवर्ड तुमचा, फाइली तुमच्या, पण आतला कर्नल आमचा. प्रकरण एकदम हलकं, त्यामुळे एका सर्व्हरवर गेस्ट खच्चून भरता यायचे. मल्होत्रा साहेबांना हे समजलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

"मतलब एक इंजन, चालीस सवारी? ये करोल बाग में क्यों नहीं होता था, यार!"

त्यांनी सेल्सच्या पोरांना सांगून टाकलं, जो मागेल ते द्या, नाही म्हणायचं नाही. एकाने लक्ष्मीनगरच्या एका कोचिंग क्लासवाल्याला चक्क विंडोजचा गेस्ट विकला. आमचा होस्ट लिनक्सचा. मी केबिनमध्ये गेले.

"सर, ये नहीं हो सकता. कर्नल लिनक्स का है."

"क्यों, जगह नहीं है?"

"जगह है, सर. लेकिन गेस्ट का अपना कर्नल नहीं है, हमारा ही है. उसके ऊपर विंडोज चलेगा ही नहीं."

त्यांनी पेन कानामागे खोचलं आणि म्हणाले, "ठीक है, लिनक्स ही दे दो. ऊपर विंडोज का स्टिकर लगा दो!"

स्टिकर कशावर लावायचं, ते काही सांगितलं नाही. तो क्लासवाला मात्र पुढे कित्येक दिवस रोज फोन करायचा, "मॅडम, सब ठीक है, बस मेरा स्टार्ट बटन नहीं मिल रहा!"

*

अन्वर शेख माझ्यानंतर काही महिन्यांनी आला. हा मिरजेचा. बायको आणि लहान मुलीबरोबर फरीदाबादला राहायचा आणि दोन बस बदलून यायचा. ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे आमचं एक वेगळंच राज्य होतं. कुणाला कळू नये असं काही असलं की मराठी. आणि आमच्याकडे बहुतेक गोष्टी कुणाला कळू नयेत अशाच असायच्या.

ॲडमिनला कर्नल ढिल्लन होते. तेव्हा नोएडातल्या दर दुसऱ्या कंपनीत ॲडमिन सांभाळायला एक निवृत्त फौजी असायचा. बस, जनरेटरचं डिझेल, शिपाई, कँटीनचे सामोसे, सगळं ढिल्लन साहेबांकडे. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, आणि दुपारी जेवणानंतर केबिनमध्ये डोळे मिटून अर्धा तास चिंतन.

एकदा अशाच दुपारी आमचा मुख्य होस्ट बसला. एका गेस्टने आत काहीतरी भलतं केलं, त्याने सगळ्यांचा सामायिक कर्नल कोसळला, आणि त्याच्यावरचे सगळेच्या सगळे गेस्ट एका झटक्यात गेले. समोरचा स्क्रीन लालेलाल. अन्वर नवीन होता, घाबरला. उभं राहून आधी मराठीत ओरडला, "ताई, कर्नल गेला!" मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत ओरडला, "कर्नल क्रॅश हो गया!"

रिसेप्शनची मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावली. तिच्यामागे अकाउंट्सवाले. वॉचमनने कुणाला तरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं. सगळा घोळका ढिल्लन साहेबांच्या केबिनमध्ये घुसला. साहेब मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून चिंतनात. रिसेप्शनच्या मुलीने किंचाळून बाटली त्यांच्या तोंडावर ओतली!

पुढचं मी सांगत नाही. शेवटी अन्वरला त्यांच्यासमोर उभं करण्यात आलं आणि त्याने कर्नल म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. साहेबांनी टॉवेलने मिशा पुसत सगळं ऐकून घेतलं.

"एक कर्नल गिरा और पूरी यूनिट गिर गई? कोई सेकंड-इन-कमांड नहीं?"

"नहीं, सर. सबका एक ही है."

"ये किस गधे का प्लान है?"

केबिनच्या भिंती प्लायवूडच्या होत्या. पलीकडून आवाज आला, "ढिल्लन साहब, मेरा!"

हसलो आम्ही. पण तासाभराने होस्ट परत उभा राहिला, आणि मग एकाच वेळी मेलेली चाळीस गिऱ्हाइकं एकाच वेळी जिवंत होऊन फोनवर आली. त्यांच्याशी बोलताना कुणी हसत नव्हतं.

*

फरीदाबादचे गुप्ताजी आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचा नट-बोल्टचा कारखाना होता आणि वेबसाइट पाहून त्यांना परदेशातून ऑर्डरी यायला लागल्या होत्या. त्यांना त्याचं इतकं अप्रूप, की दिवाळीला आमच्यासाठी सोनपापडीबरोबर चार चकचकीत बोल्ट पाठवायचे. "जर्मनी जाते हैं ये वाले!"

एकदा बातमी आली की आम्ही वापरत होतो त्या कर्नलमध्ये सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलंय. उपाय एकच. नवा कर्नल टाकायचा आणि होस्ट बंद करून चालू करायचा. होस्ट बंद म्हणजे त्याच्यावरचे सगळे गेस्ट बंद. म्हणून एकेकाची परवानगी मागायला आम्ही फोन करत सुटलो.

एक म्हणाला, बहिणीचं लग्न आहे, पत्रिका साइटवर आहे. दुसरा म्हणाला, सेल लागलाय. तिसरा म्हणाला, "श्राद्ध चल रहे हैं जी, इन दिनों में नई चीज़ नहीं लगाते." श्राद्धं संपली तर नवरात्र आलं. मल्होत्रा साहेब म्हणाले, "कस्टमर नाराज़ नहीं होना चाहिए. दिवाली के बाद देखेंगे."

एकट्या गुप्ताजींना घाई होती. त्यांनी कुणाकडून तरी माहिती काढून आपल्या गेस्टमध्ये नवा कर्नल स्वतःच टाकला आणि रीबूट केलं. पाहतात तो जुनाच कर्नल. पुन्हा टाकला, पुन्हा जुनाच. फोन अन्वरने घेतला.

"अंकल, वो नहीं बदलेगा. कर्नल आपका है ही नहीं, हमारा है. सबका एक."

"मतलब मकान मेरा, ताला मेरा, और चूल्हा आपका?"

"जी."

"और चूल्हे से आग लग गई तो?"

अन्वर माझ्याकडे पाहायला लागला. गुप्ताजी म्हणाले, "सोच के बताना, बेटा."

दिवाळीच्या आधीच कुणीतरी एका खेळण्यांच्या दुकानाच्या साइटमधून आत शिरलं. कर्नल सगळ्यांचा एकच, त्यामुळे त्या भगदाडातून तो सरळ होस्टवर पोचला आणि तिथून सगळ्यांच्या घरात. प्रत्येक साइटच्या पहिल्या पानावर तेच काळं पान आणि खाली कुठल्यातरी अनोळखी लिपीत काहीबाही लिहिलेलं. नट-बोल्ट, लग्नपत्रिका, कोचिंग क्लास, सगळीकडे तेच. मल्होत्रा साहेब म्हणाले, "चलो, किसी के साथ नाइंसाफी तो नहीं हुई!"

दुपारी गुप्ताजींचा फोन आला. जर्मनीवाल्यांनी ते काळं पान पाहून ऑर्डर थांबवली होती. आम्ही शिव्या खायच्या तयारीत होतो. त्यांनी एकही शिवी दिली नाही.

"बेटा, मैंने पूछा तो था," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवशी अन्वरने डबा उघडला नाही.

*

घरी या सगळ्याचं काय सांगणार? माझी मुलगी तेव्हा पहिलीत. दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी आधीच अर्धं हिंदी. मी रोज फोनवर "गेस्ट पडला", "गेस्ट उठेना", "गेस्टला मारून टाक" असं बोलताना ती ऐकायची. एक दिवस गंभीर चेहरा करून म्हणाली, "आई, तुमच्याकडे कुणी मेहमान म्हणून आलं, की तुम्ही बिल्कुल चहा देत नाही का?"

मी म्हटलं, "मेहमान नाही गं, पाहुणे."

ती म्हणाली, "पाहुणे म्हणजे?"

*

त्या काळ्या पानानंतर आम्ही पद्धत बदलली. आता प्रत्येक गेस्टला स्वतःचा कर्नल. पण साधासुधा नाही, मुद्दाम बदल करून घेतलेला. साधा कर्नल समजतो की मशीन आपल्याच बापाची, आणि थेट हार्डवेअरला हात घालतो. या बदललेल्या कर्नलला माहीत असायचं की आपण दुसऱ्याच्या घरात आहोत. मेमरी हवी, डिस्क हवी, की आधी होस्टला विचारायचं. एकाचा कर्नल पडला तर तो एकटाच पडायचा. आम्हाला वाटलं, सुटलो!

गाझियाबादचे एक डॉक्टर होते, पॅथॉलॉजी लॅबवाले. पेशंटचे रिपोर्ट त्यांनी आमच्या गेस्टवर ठेवले होते. त्यांचा पुतण्या कॉम्प्युटर शिकत होता. एका रविवारी त्याने काकांवर उपकार म्हणून गेस्टमधलं सगळं अपडेट करून टाकलं. त्यात कर्नलही आला. बाजारात सगळ्यांना मिळतो तो, साधा. रीबूट केल्यावर त्या कर्नलने थेट हार्डवेअरला हात घातला. तिथे हार्डवेअर कुठलं? होस्टने त्याला उभंच केलं नाही.

सोमवारी सकाळी लॅबच्या काउंटरपुढे पेशंटची रांग आणि रिपोर्ट एकाचाही निघेना. डॉक्टरांचा फोनवर आवाज इतका चढला, की मल्होत्रा साहेबांनी अन्वरला समजूत घालायला तिथेच पाठवून दिलं. इकडे मी जुना कर्नल परत बसवत होते. तासाभरात गेस्ट उठला. मी अन्वरला फोन केला, "झालं रे, सांग त्यांना."

पलीकडून बोलले ते डॉक्टरच. एकदम शांत.

"मॅडम, सर्वर छोड़िए. आपका ये लड़का मेरे सामने बैठा है, मैंने इसका बीपी नापा है. इस उम्र में ये बीपी मैंने नहीं देखा. आप लोग वहाँ करते क्या हैं?"

अन्वर परत आला तो हातात गोळ्यांची पिशवी. मी म्हटलं, "अरे, घरी सांगितलंस का?"

"कशाला, ताई? कर्नल बदलून मिळत असता तर सांगितलं असतं."

*

पुतण्या काही एकच नव्हता. दिल्लीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पुतण्या किंवा भाचा असतोच. शेवटी मल्होत्रा साहेबांनी नवे सर्व्हर आणले आणि त्यांच्यावर तिसरी पद्धत सुरू झाली. इथे गेस्टचा कर्नल जसाच्या तसा, काहीही बदल नाही. होस्ट त्याच्यासमोर खोटं हार्डवेअर मांडून ठेवायचा. खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड, सगळा देखावा. कर्नलला पत्ताच नाही की आपण कुणाचे पाहुणे आहोत. विंडोजसुद्धा चालायचं! कोचिंग क्लासवाल्याला कळवायला फोन केला, तर त्याने क्लास बंद करून मोमोजचं दुकान टाकलं होतं.

नव्या सर्व्हरवर पहिले आले एक आचार्यजी. त्यांची कुंडलीची वेबसाइट होती. माणूस प्रश्न विचारायचा, त्या क्षणाची कुंडली मांडली जायची आणि उत्तर यायचं. काही दिवसांनी त्यांची तक्रार आली की लग्न चुकतंय. लग्न म्हणजे कुंडलीतलं. मी तपासलं, तर त्यांच्या गेस्टचं घड्याळच मागे पडत होतं.

कारण सरळ होतं. कर्नल एकेक ठोका मोजत वेळ ठेवायचा. त्याला वाटायचं प्रोसेसर सदोदित आपलाच. प्रत्यक्षात होस्ट त्याला पाळीपाळीने जागा करायचा. झोपेत जेवढे ठोके हुकले तेवढी वेळ मागे. आम्ही घड्याळ दुरुस्त केलं आणि माफी मागितली.

आचार्यजी भला माणूस. म्हणाले, "कोई बात नहीं. पहले वाले फल ज़्यादा सच निकल रहे थे, पर चलो!"

मल्होत्रा साहेबांना संधी दिसली. त्यांनी आचार्यजींना ऑफिसात बोलावलं, काजू मागवले आणि कंपनीची कुंडली मांडायला लावली. कंपनीच्या जन्माची वेळ त्यांना पाठ होती. आचार्यजींनी कागदावर घरं आखली, आकडेमोड केली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "सब ईश्वर की इच्छा है," आणि एकही काजू न खाता उठून गेले.

मल्होत्रा साहेब बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "देखा? कुछ बुरा नहीं बोले!"

दुसऱ्या दिवशी आचार्यजींची मेल आली. माझी वेबसाइट कृपया दुसऱ्या कंपनीकडे हलवायची सोय करावी.

*

कुंडलीची गरजच नव्हती खरं तर. प्रत्येक गेस्टला पूर्ण कर्नल दिला की प्रत्येक कर्नल आपापली मेमरी अडवून बसणार. जिथे पूर्वी चाळीस बसायचे, तिथे आता दहा-बारा बसले की सर्व्हरला धाप लागायची. मल्होत्रा साहेब डोकं धरून म्हणायचे, "ये कैसे मेहमान हैं, यार? हर एक अपना रसोइया साथ लेकर आता है!" शिवाय आता मोठमोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या होत्या. त्यांच्या एका खोलीत आमचं ऑफिस चार वेळा मावलं असतं.

माणसं कमी करायची ठरली. पत्रं द्यायचं काम ढिल्लन साहेबांकडे. ते एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे, उभं राहून हात मिळवायचे आणि मगच पाकीट द्यायचे. रिसेप्शनच्या मुलीला त्यांनी स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं, कारण ती रडत होती आणि कंपनीची बस त्यांनीच आदल्या आठवड्यात बंद केली होती.

शेवटी गठ्ठ्यात एकच पाकीट उरलं. मी आणि अन्वर दारातून पाहत होतो. साहेबांनी त्याच्यावरचं नाव वाचलं. खुर्ची मागे सारून उभे राहिले, शर्ट नीट केला, पाकीट उघडलं आणि पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "अपने आप को हाथ कैसे मिलाते हैं, मॅडम?"

अन्वर पुढे गेला आणि त्याने हात मिळवला.

*

उरलेली गिऱ्हाइकं बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने घेतली. त्यांच्याकडे फक्त तिसरी पद्धत. आमचे दुसऱ्या पद्धतीतले जुने गेस्ट तिथे उभेच राहीनात. त्यांचे कर्नल आमच्या होस्टला विचारून चालायला शिकलेले, तिथे विचारायला कुणी नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवलं की कर्नल बदलून घ्या, नाहीतर अमुक तारखेला गेस्ट बंद होईल. बहुतेकांनी बदलला.

एकाचं मात्र उत्तरच नाही. नाव लावलं होतं कुणा तरुण मुलाचं. फोन बंद, मेल परत. त्याचा गेस्ट वर्षानुवर्षं चालत होता, रोज सकाळी आपलं सगळं ठीक असल्याची एक मेल आपोआप कुठेतरी पाठवायचा, कुणी आत येत नव्हतं, कधी एक तक्रार नाही. ठरल्या तारखेला मी तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कबाडीवाला आला आणि त्याचा होस्ट बाकीच्या लोखंडाबरोबर हातगाडीवर घालून घेऊन गेला.

ऑफिसात मी आणि अन्वर दोघंच. खुर्च्या आधीच गेल्या होत्या. अन्वर खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता, मी जमिनीवर वर्तमानपत्र घालून. फोनही जमिनीवरच होता. तो वाजला. अन्वरने वाकून स्पीकर लावला.

"बेटा, आप मशीन वाले बोल रहे हो?" कुणा अनोळखी म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"जी, अंकल. बोलिए."

"मैं फरीदाबाद से बोल रहा हूँ. आज मेरे बेटे की चिट्ठी नहीं आई. पड़ोस वालों ने कहा चिट्ठी के नीचे आपकी कंपनी का नाम है, तो नंबर ढूँढ के दिया."

त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. अन्वरने माझ्याकडे पाहिलं. तोच गेस्ट.

"क्या लिखता है, अंकल, चिट्ठी में?"

"अंग्रेज़ी में लिखता है. रुको, कल वाली सामने है." चष्मा सापडेपर्यंत थोडा वेळ गेला. मग एकेक शब्द लावत त्यांनी वाचलं, "ऑल... सर्विसेस... रनिंग. नो एरर्स. बस, इतना ही. रोज़ यही लिखता है. अमेरिका में है. फ़ोन तो वो करता नहीं, जाने से पहले हमारी कुछ कहा-सुनी हो गई थी. पर चिट्ठी एक दिन नहीं छूटी. मैं चाय के साथ पढ़ता हूँ."

मी उठून उभी राहिले. अन्वरने लॅपटॉप बाजूला ठेवला.

"हैलो? बेटा? उधर सब ठीक है ना?"

अन्वरने खोलीभर नजर फिरवली. भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी, जमिनीवर रॅकच्या पायांचे चौकोनी डाग.

"जी, अंकल, सब ठीक है," तो म्हणाला. "आप अपना मेल आयडी बताइए, मैं देखता हूँ."

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. अन्वरने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि दोन बोटांनी टाइप केलं. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. ऑल सर्व्हिसेस रनिंग. नो एरर्स. त्याने एकदा वाचून पाहिलं आणि पाठवलं.

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. मग कुठेतरी टिंग वाजलं.

"हाँ... हाँ, आ गई! आ गई, बेटा."

"जी, अंकल."

"आज देर से उठा होगा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.